रेंदांगसाठी दोन किलो

टेक्का मार्केटच्या त्या बोळाशी आलं की संजीवनीची मान आपोआप उजवीकडे वळायची. उजवीकडे मासळी, डावीकडे गोमांसाचे गाळे. गेली अकरा वर्षं दर शनिवारी ती चोआ चू कांगच्या घरून इथे बाजाराला येत होती. मेथीचा भाव, कढीपत्ता फुकट कोण टाकतो, पापलेटवाला कधी खोटं बोलतो, सगळं तिला पाठ होतं. डावीकडचा भाव मात्र तिने कधी ऐकलाही नव्हता.

आज ती डावीकडेच उभी होती. हातात शेजारच्या रोकियाबाईंची निळी पिशवी.

सगळा मजला त्यांना मक चिक म्हणतो, म्हणजे मलय भाषेत मावशी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि उद्या त्यांच्या नातीला, सुहैलाला, बघायला मुलाकडची माणसं यायची होती. मुलाची आई नावाजलेली सुगरण.

"ती आधी रेंदांग चाखणार, मग आमचं घर जोखणार," मक चिक सकाळी म्हणाल्या होत्या. नारळाच्या दुधात, मसाल्यात तासन्‌तास आटवलेलं गोमांस म्हणजे रेंदांग. "विकतचं ठेवलं तर तिला वाटेल, या घरातली म्हातारी संपली. पोरीच्या पाठीशी कुणी नाही."

सुहैला नर्स, आज ड्यूटीवर. म्हणून मक चिकनी दार वाजवलं होतं. "तू जातेसच तिकडे. पण चालेल ना गं तुला? नाही म्हणालीस तरी राग नाही. आणि माझी पिशवी ने. तुझ्या पिशवीत नको ते."

आणि चाळीस डॉलर दिले होते. दोन किलोचे, नेहमीसारखे.

पण पाटीवर लिहिलं होतं, किलोला सत्तावीस.

संजीवनीला आधी वाटलं, आपण चुकीची पाटी वाचली. मग तिने शेजारच्या गाळ्यावरची वाचली. तिथे अठ्ठावीस. तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईने एक किलो मागितलं, पाटीकडे पाहिलं आणि "अर्धाच द्या" म्हणाली. मागचा म्हातारा काहीच न घेता निघून गेला. हे कधीपासून चाललंय? आणि का? डावीकडे एक अख्खं जग महागत होतं आणि तिला पत्ताच नव्हता.

तिने नवऱ्याला, प्रबोधला, फोन लावला. तो हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत, थंड कंटेनरांची ने-आण बघायचा.

"अहो, बीफ इतकं महाग का झालंय?"

त्याने उलट विचारलं, "तू कुठे आहेस?"

"बीफच्या दुकानात. रांगेत."

"बरं. आईचा फोन आला तर काय सांगू? सूनबाई देवळात गेल्यात?"

"चेष्टा पुरे. तुमच्या त्या डब्यांत हे येतं का?"

"येतं की. ऑस्ट्रेलियाहून, ब्राझीलहून. तिकडे गुरं कमी झालीत म्हणतात, चारा महागलाय, भाडी वाढलीत. जो तो वेगळं कारण सांगतो. पण अकरा वर्षांत तू पहिल्यांदा विचारलंस हं, डब्यात काय असतं ते."

खरंच की, असं म्हणत तिने फोन ठेवला, तोवर नंबर आला होता.

गाळ्यावरच्या कादरभाईंनी हिंदीत विचारलं, "क्या बनाना है, मॅडम?"

"रेंदांग. दोन किलो. पण... चाळीसमध्ये."

"तो ये लो." त्यांनी पायाकडचा एक तुकडा पुढे केला. गडद, जाड, पांढऱ्या शिरांनी विणलेला. "बीस का किलो. बराबर चालीस."

संजीवनीच्या आत तिचे आप्पा जागे झाले. पुण्यात रविवारी सकाळी बोट धरून मटणाच्या दुकानात नेणारे आप्पा. मटण कोवळं हवं, बोटाने दाबलं की दबायला हवं आणि शिरा दाखवल्या की समजायचं, खाटीक आपल्याला नवखं समजतोय.

"हे नको. शिराच शिरा आहेत."

"रेंदांग के लिए यही अच्छा है."

"भाई, मी चाळीस वर्षं मटण घेतेय."

कादरभाई हसले. मटण आणि हे, अशा अर्थाने त्यांनी दोन्ही हात पसरले, पण गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. तिने सगळ्यात मऊ, गुलाबी तुकडा निवडला. बत्तीसचा किलो. वरचे चोवीस स्वतःच्या पर्समधून टाकले. मक चिकना कळायचं कारण नव्हतं. मावशीच्या नातीचं सगळं नीट व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

मक चिकनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पिशवी उघडली. अंगठ्याने मांस दाबलं. पुन्हा दाबलं.

"हे चाळीसचं नाही."

"चाळीसचंच आहे."

"संजीवनी."

तिने पर्स पाठीमागे सरकवली. बाहेर पंख्यासारखी लिफ्ट घरघरली.

"कादरने तुला पायाचं दिलं नाही?"

"देत होता. शिरांचं होतं, म्हणून मी..."

"शिराच तर हव्यात गं!" मक चिकचा आवाज चढला. "चार तास शिजवायचं, तेव्हा शिरा विरघळून मऊ होतात. हे चार तास ठेवलं तर सुतळी होईल, सुतळी! आणि वर तुझे पैसे. मी तुला बाजारात पाठवलं. माझी कीव करायला नाही."

संजीवनीचे कान तापले. "कीव नव्हती, मक चिक. मला वाटलं, मला समजतं. मटणातलं समजतं तर यातलंही समजेल. मी परत जाते, ते आणते."

"बाजार आवरला असेल आता."

उद्या अकराला माणसं येणार होती. मक चिकनी त्या गुलाबी तुकड्याकडे बघत मान तिरकी केली. शाळेतली पोर गणिताकडे बघते तशी.

"मसाला तेवढा चार तास आटवला तर? नुसता? आणि मांस शेवटी?"

"चालतं तसं?"

"काय माहीत. पन्नास वर्षांत कधी केलं नाही." त्यांचे डोळे लुकलुकले. "मला जास्त वेळ उभं राहता येत नाही. ढवळशील? मांस टाकायच्या वेळी तू घरी जा."

मग वाटण झालं. गवती चहा, आलं, आल्यासारखंच पण उग्र गलांगल, लाल मिरच्या. नारळाचं दूध कढईत उकळून तेल सोडू लागलं. संजीवनी ढवळत होती, मक चिक खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. "तळाशी! तळाशी खरवड!" दुसऱ्या तासाला हात दुखले तेव्हा संजीवनी आपसूक गुणगुणायला लागली, जात्यावर जुळावी तशी जुळवलेली ओवी:

शेजीबाईच्या गं घरी  दूध नारळाचं आटं
दोन चुलींच्या गं मधी  एक चिंचोळीशी वाट

"काय म्हणतेस?"

तिने अर्थ सांगितला. मक चिक म्हणाल्या, "आमच्याकडेही असतं असं, चार ओळींचं. पण आधी मीठ बघ."

संजीवनीचा हात थबकला.

"अगं, अजून यात नुसता नारळ आणि मसाला आहे. हा ढवळायचा डावही नवा काढलाय. चाख."

तिने चमच्याच्या टोकावर घेतलं, फुंकर मारली, जिभेवर ठेवलं. आधी गोड, मग जाळ, मग गवती चहाची हिरवी सणक, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या खोबऱ्याची ती ओळखीची चव. कुठली? काळ्या मसाल्याची? नाही. पण त्याच गावाची.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि मक चिक, यात मांस नसतं तर मी कढई पुसून खाल्ली असती."

मक चिक पोट धरून हसल्या.

रविवारी दुपारी सुहैला दारात उभी राहिली, डोक्यावरचा स्कार्फ घसरलेला. "आंटी! मुलाच्या आई उरलेलं सगळं डब्यात भरून घेऊन गेल्या. त्यांनी आजीला विचारलं, किती तास शिजवलं, इतकं मऊ कसं."

"मग आजी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चार तास. तोंडावरची रेषही हलली नाही, आंटी." सुहैला खाली वाकून कुजबुजली, "आता त्यांना रेसिपी हवीय. आजी म्हणते, तुम्ही या. दोघींनी मिळून काय सांगायचं ते ठरवायचंय."