बेचाळीस श्वास

कॅप्टनने संहितेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. बेरीज तीच आली. शेवटच्या भागात मेकॅनिकच्या वाट्याला श्वास बेचाळीस, शब्द एकही नाही.

कॅप्टन म्हणजे कॅप्टनचा आवाज. अवकाशयान चालवणाऱ्या दोन मैत्रिणींच्या ॲनिमे मालिकेला ती अकरा वर्षं आवाज देत होती. पडद्यावर तिच्या एका हुकमासरशी तीनशे यानं वळत. बसमध्ये मात्र आपला थांबा आला तरी ‘थांबवा’ म्हणायला तिची जीभ उचलत नसे. दुसरं कुणी उतरेपर्यंत बसून राही आणि मग तेवढं अंतर मागे चालत येई.

दुसऱ्या मैत्रिणीला, मेकॅनिकला, आवाज देणारीचं नेमकं उलट. पडद्यावर इंजिनांशी खाटखूट करणारी अबोल बाई, प्रत्यक्षात नाकावर माशी बसू न देणारी. चहा गार आला की स्वतःच्या कपाबरोबर कॅप्टनचाही परत पाठवी. कॅप्टनला पाठ टेकायला धड खुर्ची मिळाली, तीही हिच्याच भांडणामुळे. “तू तिकडे जग वाचव,” ती म्हणायची, “इकडचं मी बघते.”

चार महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. ती पाटीवर लिहून बोलू लागली. टोमणे तेवढेच, अक्षर तेवढं वाईट. मधले भाग एका नव्या मुलीने केले, चांगले केले. कॅप्टनने चकार शब्द काढला नाही. मेकॅनिकनेही पाटीवर त्याविषयी कधी काही लिहिलं नाही, आणि कॅप्टनला तेच लागून राहिलं होतं.

आज शेवटचा भाग. नवी मुलगी हेडफोन लावून तयार होती. कॅप्टन उठली आणि काचेपलीकडच्या डायरेक्टरसमोर जाऊन उभी राहिली.

“पाणी हवंय का ताई?” त्याने विचारलं. अकरा वर्षांत तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

“मेकॅनिकला यात बोलायचंच नाहीये. ती दुरुस्तीला यानाबाहेर जाते, रेडिओ बिघडतो, नुसता श्वास ऐकू येतो. संहितेत कंसात लिहिलेलं कुणी वाचत नाही. मी मोजलंय.”

डायरेक्टरने पानं उलटली. मग ठरलेलं वेळापत्रक, बोलावलेली मुलगी, स्टुडिओची वेळ, असं बरंच सांगितलं. मुद्द्याचं शेवटी आलं: परवा त्या भेटायला आल्या तेव्हा श्वासात शीळ वाजत होती.

एरवी कॅप्टन इथे ‘बरं’ म्हणून फिरली असती. तिचे पाय फिरलेही. पण तोंडातून निघाला तो तीनशे यानं वळवणारा आवाज.

“तिचं काम तिला संपवू दे. तोवर मी माझी एकही ओळ बोलणार नाही.”

डायरेक्टरने नव्या मुलीकडे पाहिलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते. “मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय त्यांना,” ती म्हणाली. “शेवट दुसऱ्या कुणाचा कशाला?”

तासाभरात मेकॅनिक आली. केस नीट विंचरलेले, पाटी काखेत. तिला सगळं सांगितलं. तिने लिहिलं, ‘नुसत्या श्वासासाठी एवढ्या लांब बोलावलंत?’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘खुर्ची कुठेय?’

प्रत्येकीचं रेकॉर्डिंग एरवी वेगळं होई. आज पहिल्यांदाच दोघी शेजारी शेजारी बसल्या. श्वास सुरू झाले. शीळ होतीच, कुठल्याशा नळीतून हवा झिरपावी तशी. डायरेक्टरचा हात ती कमी करायला बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. हेल्मेटमधली हवा संपत आलेल्या बाईचा श्वास असाच यायला हवा होता.

बेचाळिसाव्यानंतर सहा सेकंद शांतता, मग कॅप्टनची ओळ. माईकमध्ये काही जाऊ नये म्हणून मेकॅनिकने श्वास कोंडून धरला, छातीवर हात ठेवून, डोळे मोठ्ठे करून. कॅप्टन तिच्याकडे बघत राहिली. सहा सेकंद गेले, नऊ झाले. मेकॅनिक लालबुंद होत चालली. शेवटी तिने कॅप्टनला कोपराने ढोसलं.

“मी इथेच आहे,” कॅप्टन म्हणाली.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला आणि मेकॅनिकने श्वास सोडला. दुसरा टेक घ्यायचा का, हे डायरेक्टरने विचारलंच नाही.

परतताना दोघी एकाच बसने निघाल्या. थांबा आला तसं मेकॅनिकने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

“थांबवा,” कॅप्टन म्हणाली. पण ते तिच्या स्वतःच्या आवाजात, इतकं हळू, की बस थांबा सोडून पुढे गेली. पुढच्या थांब्यावर दोघी उतरल्या आणि मागे चालू लागल्या. शेजारी शीळ वाजत होती. कॅप्टनने ती मोजली नाही.