मयताचा उजवा पाय

नाटकात मेलेल्या माणसाचं काम सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा तासभर मरून दाखवावं. आमच्या शहरातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तर नाकी नऊ आले होते. लहानपणापासून नाटकाचं वेड, पण माहेरी वडील नको म्हणाले आणि सासरी सासूबाई. पंचेचाळिशी उलटल्यावर पहिलंवहिलं काम मिळालं, तेही मयताचं. मंडळी तिला तोंडावर मयतबाई म्हणायची आणि तिला त्याचंही कौतुक. आता नको म्हणायला कोणी उरलं नव्हतं, तर स्वतःचाच पाय आडवा आला.

नाटक होतं औषधवाल्याच्या खटल्यावर. आजच्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी त्या प्रतिष्ठित गृहस्थाने भर दुकानात बायकोच्या डोक्यात खलातला बत्ता घातला होता. अख्खं शहर वर्षभर त्या बातम्या चवीने वाचत होतं. खुनी किती रुबाबदार, कोर्टात कसा उभा राहायचा, हे लोकांना अजून पाठ आहे. बायको कशी होती ते विचारा, कोणाला सांगता यायचं नाही. म्हणून दिग्दर्शकाने, म्हणजे सगळ्यांच्या मास्तरांनी, ठरवलं की ती पहिल्याच प्रवेशात मरेल आणि पुढे खटला चालू असताना काउंटरमागून तिचे पाय शेवटपर्यंत दिसत राहतील. तिला विसरायचं नाही, बस्स.

कल्पना झकास होती. पण बाई दिवसभर पायमशीन चालवणारी. वकील ठेक्यात भाषण ठोकायला लागला की तिचा उजवा पाय आपोआप मशीन चालवू लागायचा. तालमीत पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे पोट धरून हसले. पुन्हा झालं तेव्हा वकील रुसून बसला. तिसऱ्यांदा मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"मयतबाई, प्रयोगात पाय हलला तर मी मोज्यांत कापूस भरून पाय करीन. मग तुम्ही बसा घरी."

"कापूस भरायलाही मीच लागेन की," ती म्हणाली. हसली खरी, पण मोज्यांची धास्ती घेऊनच घरी गेली.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं. तिची दोन वाक्यं झाली, बत्ता बसला, ती पडली. वकील सुरू झाला तशी ती मनातल्या मनात हाताने काजं करू लागली, म्हणजे पायाला काही कामच नको. बराच वेळ ती युक्ती चालली. मग वकीलसाहेब रंगात आले आणि पाय सुटला. आधी एक जण हसला, मग अख्खी रांग. आधीच मेलेली बाई मेल्याहून मेल्यासारखी झाली.

पडदा पडल्यावर मास्तर ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती रंगपटाच्या कोपऱ्यात तोंडाचा रंग पुसत म्हणाली, "आणा ते मोजे."

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आत आला, मागे त्याची सून.

"पाय हलवणारी बाई कोण?"

आता हेही बोलून घेणार, असं मनाशी धरून ती उभी राहिली.

"मी तिचा धाकटा भाऊ," म्हातारा म्हणाला. "त्या मेलेल्या बायकोचा."

सुनेने त्याला खुर्चीवर बसवलं.

"आईच्या खोकल्याचं औषध आणायला बाटली घेऊन मीच दुकानात गेलो होतो. काउंटरमागे ताईचे पाय दिसले. ताई मोठी सोंगाडी हो. झोपेचं सोंग घ्यायची, आणि मी रडकुंडीला आलो की पायाचा अंगठा हलवायची. म्हणून मी दारातच उभा राहिलो. आत्ता हलेल, आत्ता हलेल. लोकांनी मला उचलून बाहेर नेलं तरी मी मान वळवून बघत होतो." त्याने डोळे पुसले. "सगळं आयुष्य तो पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. आज हलला. लोक हसले, मीही हसलो. बाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

तिने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "उपकार तुमचे," एवढंच तिला बोलता आलं. ज्या पायाला ती आठवडाभर शिव्या देत होती, त्याच्याबद्दल तिला आता भरून येत होतं.

मास्तरांनी नाक शिंकरलं. "मोजे राहू द्या," ते म्हणाले. "पण नाटक चालू असताना हलवायचा नाही. संपल्यावर तुमचा पाय, तुमची मर्जी. आणि आजोबा, तुमची पुढची खुर्ची कायमची."

दुसऱ्या प्रयोगाला वकील कितीही रंगात आला तरी पाय जागचा हलला नाही. कसा, ते तिलाही कळलं नाही. नाटक संपलं, टाळ्या सुरू झाल्या, खुनी, वकील, न्यायाधीश ओळीने वाकले. ती अजून काउंटरमागे पडूनच होती. मग तिने उजव्या पायाचा अंगठा हळूच हलवला. पुढच्या खुर्चीतला म्हातारा काठी बाजूला ठेवून हसला, आणि मग ती उठली.