कातळवणे, खोली नंबर बेचाळीस

मोकाशीसाहेबांना नवीन कल्पना सुचली की मी आधी रजेचा अर्ज लिहून ठेवायचो. साहेब वाईट नव्हते. वाईट साहेब कामं अडवतो, हे कामं करायचे, आणि तेच निस्तरताना माझे केस पिकले.

एकोणीसशे अठ्ठावन्नची गोष्ट. परळला आमची कचेरी होती. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांसाठी डॉक्टर भरती करायचे आणि त्यांना तिकडे धाडायचं, एवढंच आमचं काम, आणि तेवढंच जमत नव्हतं. धाडलेला डॉक्टर आठव्या दिवशी परत यायचा. कोणाला पाणी बाधायचं, कोणाला विंचू दिसायचा, एकाला तर नुसता अंधारच सोसला नाही. मग साहेबांना कल्पना सुचली: डॉक्टरला त्याच्या स्वतःच्याच गावी नेमायचं. घरी आई आहे, ओळखीची विहीर आहे, पळून जाईल कुठे? योजनेला नाव दिलं 'आपला डॉक्टर, आपले गाव'. अर्जात सातवा रकाना घातला: गाव.

याचा परिणाम काय झाला, तर ज्या गावातून मुलगा शिकून डॉक्टर झाला, त्या गावाला डॉक्टर मिळाला. घाटावरच्या एका गावाला तीन मिळाले, सख्खे भाऊ, एकमेकांशी अबोला धरलेले. ज्या गावात शाळाच नव्हती, तिथून डॉक्टर होणार कोण आणि तिथे जाणार कोण? मी हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "शामराव, योजनेला थोडा वेळ द्या."

अशात डॉक्टर उर्मिला धैर्यवान आल्या. पाठारे प्रभूंच्या, गिरगावातल्या, सरकारी विद्यावेतनावर शिकलेल्या. तीन वर्षं खेड्यात काढल्याशिवाय त्यांचा दाखला सुटणार नव्हता. सातव्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: नाही.

"गाव नाही असा माणूस असतो का?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच आहोत. मुंबई हेच आमचं गाव."

"मुंबई गाव नाही हो. आणि मुंबई कोणाची याचा निकाल लागेपर्यंत मला तिच्याबद्दल काही लिहिता येत नाही." बाहेरून संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचा मोर्चा चालला होता. साहेबांनी उठून खिडकी लावून घेतली, कारण आपण अजून द्विभाषिक राज्याचे नोकर आहोत हे ते विसरत नसत. "राहता कुठे म्हणालात?"

"गिरगावात."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग गाव आहे की!"

"आमच्या एका जिन्यावर दोन डॉक्टर राहतात," उर्मिलाबाई म्हणाल्या. "मला खरंच खेड्यात जायचंय. कुठेही पाठवा."

"कुठेही या नावाचं गाव आमच्या यादीत नाही," साहेब म्हणाले. थट्टा करत नव्हते.

हे सगळं आमचा शिपाई लवू दारात उभा राहून ऐकत होता. दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. लवू पस्तिशीचा, तळकोकणातल्या कातळवण्याचा, बोलायला कमी. त्या दिवशी मात्र बोलला.

"शामराव, त्या बाईक गाव नाय तर आमचो घेवंदेत. आमच्याकडे गाव आसा, डॉक्टर नाय."

मी हसलो. तो हसला नाही.

"कमळाक सातवो चालू आसा," तो म्हणाला. कमळा त्याची बायको. "पयली दोन गेली. सुईण म्हणाली, डॉक्टर असतो तर वाचली असती. डॉक्टर खाडीपलीकडे, अर्ध्या दिसाची वाट. ह्या तिसऱ्याक तरी कोणीतरी होया."

दोन मुलं गेली हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडे रोज पाणी मागायचो, मला लाज वाटली.

साहेबांपुढे विषय काढला. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की माणसाला गाव तीनच मार्गांनी लाभतं: जन्माने, लग्नाने किंवा दत्तकाने. जन्म होऊन गेला होता. लग्नासाठी लवूने प्रामाणिकपणे चौकशी केली. कातळवण्यात लग्नाचा एकच पुरुष मोकळा होता आणि तो सत्तरीचा होता. राहता राहिलं दत्तक. गावाने ठराव करून बाईंना गावकरी करून घ्यावं, साहेब लगेच हुकूम काढतील.

कातळवण्याची पंचायत कातळवण्यात नव्हती. ती वरळीच्या बीडीडी चाळीत, खोली नंबर बेचाळीसमध्ये होती. गावचे एकवीस कर्ते पुरुष त्या एका खोलीत राहायचे, सगळे गिरणीत, तीन पाळ्यांत. एक पाळी कामावर, एक पाळी झोपलेली, एक पाळी जेवत असलेली. लवू कचेरीतच झोपायचा, पण त्याची पत्रं याच खोलीवर यायची. त्यामुळे मंडळाचे अध्यक्ष धर्मा विणकर यांनी तोडगा काढला: पहिल्या पाळीने ठराव मांडला, दुसरीने अनुमोदन दिलं, तिसरीने मंजूर केला. उर्मिलाबाईंना नारळ दिला. भिंतीवर एकवीस खिळे होते, एकेकाचे कपडे अडकवायला, धर्माने बाविसावा ठोकला आणि म्हणाला, "आता तुमी आमच्यातल्याच. शिमग्याक पालखी नाचवूक येवचां." बाईंनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

मंडळाचा छापील कागद होता. वर मोठ्या अक्षरांत 'ग्रामस्थ मंडळ, कातळवणे', खाली बारीक 'खोली नं. ४२, बीडीडी चाळ, वरळी'. त्यावर ठराव लिहून कचेरीत आला. आमच्या टायपिस्टने कागदावर होतं ते इमानाने उतरवलं, साहेबांनी इमानाने सही केली. हुकूम असा: डॉ. उर्मिला धैर्यवान यांची ग्रामीण वैद्यकीय अधिकारी म्हणून मुक्काम कातळवणे, खोली नं. ४२, बीडीडी चाळ, वरळी येथे नेमणूक करण्यात येत आहे.

मी हुकूम घेऊन धावत आत गेलो.

"चूक झाली आहे खरी," साहेब म्हणाले. "पण सही झाली. आता बदल करायचा तर बदली करावी लागेल, आणि बदली तीन वर्षांशिवाय नाही."

"साहेब, गाव कोकणात आहे."

"शामराव, गाव म्हणजे काय? दगडमाती? गावकरी असतात ते गाव. कातळवण्याचे एकवीस कर्ते पुरुष वरळीत आहेत. तिकडे कोण आहे?"

"बायका आहेत, म्हातारे आहेत, पोरं आहेत."

"म्हणजे कोणी नाही," साहेब म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

त्या क्षणी मला त्यांच्या टेबलावरची दौत त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. ओतली नाही. 'बरं साहेब' म्हणालो. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

बेचाळीस नंबरात औषधांची पेटी पोचली, तपासणीचं टेबल पोचलं. टेबलावर दुसऱ्या पाळीचे दोघे झोपायला लागले. उर्मिलाबाईंनी दोन दिवस हजेरी लावली, तेवढ्यात खोकला, खरूज आणि धर्माची दाढ एवढं काम झालं. तिकडे कमळाबाईंना आठवा संपत आला होता. लवू कचेरीत ग्लास धुवायचा तेव्हा नळ चालू राहायचा आणि हा भिंतीकडे बघत उभा असायचा.

तिसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंनी औषधांची पेटी उचलली, भाऊच्या धक्क्यावर कोकणची बोट गाठली आणि निघून गेल्या. नेमणुकीच्या जागेवरून गैरहजर राहिलं तर दाखला कायमचा रद्द, हे त्यांना माहीत होतं. तो नियम मीच त्यांना वाचून दाखवला होता. जाताना त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही पाहिलं नाही.

पंधरा-वीस दिवस गेले. मग साहेबांना आपलं ग्रामीण केंद्र बघायची हुक्की आली.

खेड्याचा दौरा म्हणून ते सगळ्या तयारीनिशी निघाले: डोक्यावर सोला टोपी, बरोबर उकळलेलं पाणी, मच्छरदाणी. परळहून वरळीला टॅक्सीने पाव तास लागला. पाण्याची सुरई घेऊन लवू पुढे, वही घेऊन मी मागे. बेचाळीस नंबरात सात जण झोपलेले, सात जण जेवत होते. साहेब दारात उभे राहिले आणि त्यांनी हवा छातीत भरून घेतली.

"डॉक्टर दिसत नाहीत?"

मी वहीत मान घातली. एका वाक्यावर बाईंचा दाखला लटकला होता. धर्मा हातातला घास खाली ठेवून उठला.

"बाई गावात आसत," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"गावात आहेत ना? मग झालं." साहेबांनी मला खूण केली. मी लिहिलं: डॉक्टर गावात हजर.

"पेशंटकडे गेल्या असतील."

"होय. खालच्या वाडीत."

"खालच्या वाडीत," साहेब खालच्या मजल्याकडे बोट दाखवून मला म्हणाले. तेही लिहिलं.

तेवढ्यात तारवाला आला. बेचाळीस नंबरात तार म्हणजे कोणीतरी गेलं, असाच हिशेब होता. जेवणारे थांबले, झोपलेले उठून बसले. तार लवूच्या नावाची होती. त्याने ती हातात घेतली नाही, माझ्याकडे ढकलली. इंग्रजी होती. मी मनात वाचली, आणि मग मोठ्याने सांगितलं, "मुलगी. दोघी सुखरूप. उर्मिला."

लवू होता तिथेच खाली बसला. सुरई त्याच्या मांडीवर कलंडली आणि साहेबांचं उकळलेलं पाणी चाळीच्या फरशीवर वाहत गेलं. तो तोंडावर गमछा धरून रडत होता, आणि धर्मा त्याच्या पाठीवर थापा मारत "गप रे, गप" म्हणत स्वतः रडत होता. मला इतका आनंद क्वचित झालाय.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"लवूला मुलगी झाली. बाळंतपण डॉक्टरांनी केलं."

"आपल्या डॉक्टरांनी? कुठे?"

"कातळवण्यात," धर्मा म्हणाला.

तार कुठून आली ते तारेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. तो कोपरा मी अंगठ्याखाली दाबून धरला होता. पण साहेब तिकडे बघतच नव्हते. ते खोली बघत होते: चुली, ट्रंका, बावीस खिळे, चौदा पुरुष.

"इथे बाळंतपण झालं!" ते भारावून म्हणाले. "आणि स्वच्छता पाहा कशी ठेवलीय. लिहा शामराव. ग्रामीण केंद्रातला पहिला जन्म. ठिकाण, खोली नंबर बेचाळीस."

मी लिहिलं. उर्मिलाबाई वाचल्या म्हणून दोनदा लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी लवू आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून साहेबांपुढे उभा राहिला.

"सायब, माका रजा होयी. चेडवाक बघूक जातंय."

"जरूर बघ. पण रजा कशाला?"

"गावाक जावचां आसा. बोटीन."

साहेबांनी माझ्याकडून वही मागून घेतली, पान काढलं, त्याच्यावर बोट ठेवलं. "तुझी मुलगी वरळीत जन्मली, लवू. सरकारी नोंद आहे, माझी सही आहे. वरळीला जायला बोट कशाला? पाच वाजता कचेरी सुटली की बसने जा, बघून ये. रोज जा."

लवूने माझ्याकडे पाहिलं. त्या वहीतलं अक्षर माझं होतं. खरं सांगावं तर उर्मिलाबाईंचा दाखला जातो, आणि त्यांच्याबरोबर गावाचा डॉक्टरही. हे त्यालाही कळत होतं. तो "बरा सायब" म्हणाला आणि बाहेर आला. छातीवरचा पितळी बिल्ला काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला, हात जोडले आणि दहाच्या बोटीला गेला.

बारा वाजता साहेबांनी घंटी वाजवली. पाणी घेऊन मी गेलो.

"लवू कुठाय?"

"वरळीला गेलाय, साहेब. मुलीला बघायला."

"अरे वा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. सहा वर्षं ज्याच्याकडे पाणी मागितलं त्याच्या जागी मी पाणी देत होतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'हजर' लिहीत होतो. बाराव्या दिवशी साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि जरा काळजीने माझ्याकडे पाहिलं.

"शामराव," ते म्हणाले, "वरळीच्या बसला इतका वेळ लागतो?"

"लागतो, साहेब," मी म्हणालो. "मधे खाडी आहे."