खिम्यातले पांढरे कण

टगनं खिम्याचं पाकीट चोरलं नसतं, तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

हरणाचा खिमा ओट्यावर वितळायला ठेवला होता. टगनं, आमच्या कुत्र्यानं, तो पाकिटाच्या धातूच्या चापासकट गिळला. चाप आत अडकेल म्हणून ऑर्लिननं, माझ्या नवऱ्यानं, त्याला उचललं आणि आम्ही मार्ताकडे धावलो. गावातल्या गुराढोरांची डॉक्टर तीच.

एक्स-रे पडद्यावर आला. "हा तुमचा चाप. निघेल आपोआप." मग तिचं बोट थांबलं. "आणि हे काय चारलंस त्याला?"

चापाभोवती पांढरे कण होते, पिठीसाखर सांडावी तसे.

"हरीण. मीच मारलेलं."

"मग हे शिसं आहे, ऑर्लिन. तुझ्या गोळीचं."

"थट्टा नको. जखमेभोवतीचं वीतभर मांस मी काढून टाकतो. चाळीस वर्षं."

"गोळी आत फुटते, तिची धूळ होते. डोळ्यांना दिसत नाही, दाताखाली येत नाही. खाटकाच्या यंत्रातून सगळ्या खिम्यात मिसळते."

"टगला काही होईल?"

"एकदा खाल्ल्यानं नाही. रोज खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. लहान पोरं, पोटुशी बाई..."

ऑर्लिननं माझ्याकडे पाहिलं.

दर नोव्हेंबरला, शिकारीच्या हंगामात, तो तीन हरणं मारतो. एक घराला. दोन खाटकाकडून चर्चच्या तळघरात जातात. तिथं दर गुरुवारी मी गरजूंना शिधा वाटते. चीजचा कारखाना बंद पडल्यापासून रांग थेट रस्त्यावर येते. रांगेत रोझली असते, सातवा महिना लागलेली. मला म्हणते, "वर्ना, बाकी काही पोटात ठरत नाही. तुमचं हरीण तेवढं ठरतं." तिच्या पिशवीत दोन पाकिटं जास्त सरकवणारी मीच. तीन महिने, दर गुरुवारी.

ऑर्लिननं गाडी सरळ रोझलीच्या घराकडे वळवली. बर्फानं पांढरी शेतं, पांढरी कुंपणं, पांढरं आभाळ. जिथंतिथं मला ते कणच दिसत होते.

रोझलीनं दार उघडलं. "आज घरपोच? हरणाला चाकं फुटली वाटतं. या, भांडं गॅसवरच आहे."

ऑर्लिननं टोपी काढली. मग सरळ आत जाऊन त्यानं गॅस बंद केला.

तिचं हसू विरलं.

"रोझली," मी म्हणाले, "या मांसात शिसं आहे. आम्हाला आत्ता कळलं. कोट घाल, तुझं रक्त तपासून घेऊ."

ती हातातल्या डावाकडे बघत राहिली. "बाळासाठी चांगलं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हो. मीच म्हणाले होते."

"मी आत्ताच वाटीभर खाल्लं." डाव तिनं हलकेच खाली ठेवला आणि दोन्ही हात पोटावर धरले. "हलतोय बघा. मी जेवले की असाच हलतो."