व्हर्नाच्या बदकाखाली

विहिरीची देखभाल माझी आणि सेप्टिक टँकची माझ्या बायकोची, व्हर्नाची, अशी आमची वाटणी होती. हिवाळ्यात ती वारली आणि वसंतात संडास तुंबला. मुलगी नातवंडांना घेऊन शनिवारी यायची होती. ती आल्या पावली परत गेली असती, तर मला सोसलं नसतं.

मी टाकी उपसणाऱ्या डेल्मरला बोलावलं. तो माझा शाळेतला दोस्त.

"झाकण कुठाय?"

"व्हर्नाला ठाऊक."

"वा! मग तिलाच विचारतो."

सळईने अंगण टोचत तो व्हर्नाच्या सिमेंटच्या बदकापाशी थांबला. बदकाला सणावाराप्रमाणे कपडे घालायची तिला भारी हौस. तिनेच चढवलेला पिवळा रेनकोट अजून त्याच्या अंगावर होता.

"हे उचल."

"हात लावू नकोस. तिने ठेवलंय तिथेच राहील."

"अरे येड्या, अख्ख्या ओहायोतल्या बायका बदक झाकणावरच ठेवतात! चारचौघांत झाकण दिसायला नको म्हणून."

"मी रोज सकाळी इथे येऊन तिच्याशी बोलतो रे."

"म्हणजे इतके दिवस संडासाच्या टाकीशी बोलतोयस?"

तो हसत गवतावरच बसला. मग मलाही आवरेना. दोघांनी मिळून बदक उचललं. खाली झाकण होतं. टाकी उपसून झाल्यावर बदक परत जागेवर ठेवलं.

शनिवारी मुलगी आली आणि राहिली. रविवारी सकाळी मी बदकापुढे उभा राहिलो.

"जाण्याआधी सांगायला काय झालं होतं गं?"

तेवढ्यात घरात नातवाने फ्लश केला, आणि बदकाखालून गुडगुड उत्तर आलं.