नितळ आणि निर्मळ

पाहुणे दारात आले की आपण पसारा पलंगाखाली सारतो आणि खोली आवरली म्हणतो. तुमच्या घरात, माझ्या घरात हेच चालतं. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यातही हेच चाललं होतं, फक्त पलंगाऐवजी तिथे नाला होता.

तिथले मुख्य रंगारी सगळ्यांचेच मामा. दोन निळ्यांमधला फरक ते उजेडाकडे न जाता सांगत. त्यांची सख्खी भाची रसायनशास्त्र शिकून त्याच कारखान्यात लागली होती आणि गच्चीवरचं पाणी तिच्याकडे होतं. रंगाचं उरलेलं पाणी गच्चीवरच्या तिरप्या पत्र्यांवरून पुन्हा पुन्हा खेळवायचं. पत्र्यांवर पांढऱ्या भुकटीचा पक्का लेप. ऊन पडलं की तो लेप कामाला लागतो आणि पाण्यातली रंगद्रव्यं तोडत सुटतो. स्वतः मात्र खर्ची पडत नाही. त्याला फक्त ऊन लागतं आणि वेळ लागतो.

वेळेपाशीच घोडं पेंड खात होतं. वरची टाकी रिकामी होईना, म्हणून खालचे रंगाचे हौद रिकामे होईनात, आणि हौद अडले की मामांचा पारा चढे. मग भाची इकडेतिकडे गेली की मामा हळूच गच्चीवर जात, पेला भरून उन्हात धरत, ‘झालं नितळ’ म्हणत आणि नाल्याचा व्हॉल्व्ह सोडून देत. लगेच हौदातलं पाणी वर चढवून टाकी पुन्हा भरून ठेवत, म्हणजे कुणाला पत्ता नको. मनात पाप नव्हतं हो. रंग गेला म्हणजे सगळं गेलं, असंच त्यांना वाटे. जन्म रंगात गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

तो नाला पुढे ताईच्या रोपवाटिकेवरून जाई, आणि रोपांना पाणी त्याचंच. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, भाचीची आई. नवऱ्यामागे तिने टोमॅटो-मिरचीची रोपं विकून घर उभं ठेवलं होतं. यंदा मात्र रोपं उगवेनात, उगवली ती मान टाकत.

एका सुट्टीच्या दुपारी तिघं जेवायला बसली असताना ताई म्हणाली, “या खेपेला नाही उगवलं तर रोपवाटिका बंद. आता अंगात बळ नाही माझ्या.”

“आई, पाणी तपासू या ना एकदा,” भाची म्हणाली.

“पाण्याला काय धाड भरलीय? तुझा मामा कारखान्यात असताना वाईट पाणी सुटेल का? लबाड तो बियाणंवाला आहे. चांगलं भर दुकानात चोर म्हटलं मी त्याला, चार गिऱ्हाइकांसमोर.”

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला आणि भूक नाही म्हणाले.

चार-पाच दिवस कसेबसे काढून ते भाचीच्या प्रयोगशाळेत गेले. “मला एक सांग,” ते म्हणाले, “नितळ झाल्यावर पाण्यात राहतंच काय?”

भाचीने दोन पेले पुढे ठेवले. “यातलं वाईट पाणी कुठलं?”

मामांनी एक पेला धरला, मग दुसरा. पुन्हा पहिला. मान हलवली.

“हे पूर्ण ऊन खाल्लेलं, आणि हे नाल्यातलं, त्या दुपारीच भरून आणलेलं,” ती म्हणाली आणि पेल्यांमागच्या दोन बशा पुढे ओढल्या. एकीत मोहरीला कोंब आले होते. दुसरीत दाणे जसेच्या तसे पडले होते.

“मामा, काचेची बरणी फुटली आणि मोठे तुकडे उचलले, तर तिथून अनवाणी चालाल?”

“वेडी का काय! बारीक काच असते ना.”

“तसंच हे. लेपाचा पहिला घाव बसतो तिथेच बहुधा रंग असतो, म्हणून रंग लगेच जातो. बारीक तुकडे मागे राहतात. दिसत नाहीत, पण त्यातले काही मूळ रंगाहून जहरी असतात. ते मोडायला आणखी ऊन लागतं. नितळ म्हणजे आरपार दिसणारं, मामा. निर्मळ म्हणजे मळ नसलेलं. मी टाकीतलं पाणी तपासते तेव्हा ते निर्मळ निघतं, आणि नाल्यात मात्र हे. मला वाटलं, माझे पत्रेच बिघडले. चार दिवस त्यांच्याच मागे लागलेय.”

“पत्रे चांगले आहेत,” मामा म्हणाले. “व्हॉल्व्ह मी सोडतो.”

भाची रागावली नाही. खुर्चीत बसली आणि रडली. ते मामांना रागाहून जड गेलं.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, “रोपं पुन्हा लावता येतील रे. पण तुझ्या भरवशावर मी एका सरळ माणसाला चोर ठरवलं, त्याचं काय?”

बहीण-भाऊ दोघंही बियाण्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, मामांनी त्यांच्यादेखतच सांगितलं, “बियाणं चोख होतं. खोट माझ्या पाण्यात होती.”

दुकानदार म्हणाला, “बरं झालं, आलात. पण त्या दिवशी जे ऐकून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांना कुठे शोधू?”

ताईने पदराची गाठ सोडली आणि तिथूनच नवं बियाणं घेतलं.

आता व्हॉल्व्हला कुलूप आहे आणि किल्ली भाचीकडे. हौद अडला की मामा अजून ओरडतात, पण खाली उभं राहून. आणि मालकाने घाई केली तर तेच सांगतात, “ऊन पुरतं खाऊ द्या साहेब, पाणी अजून कच्चं आहे.” ताईने त्याच दुकानाचं बियाणं पुन्हा पेरलंय.

मंडळी, डोळ्यांआड झालेली घाण नाहीशी झालेली नसते. ती कुणाच्या तरी दारात जाते, आणि तो बिचारा तिसऱ्यालाच दोष देत बसतो. म्हणून आपण सोडलेलं पाणी पुढे कोण वापरतं, हे आधी विचारावं. बहुतेक वेळा ते आपल्यावर भरवसा ठेवणारंच माणूस असतं.