नदीचं पात्र

"आई! सरळ आहे. ती नदी म्हणजे नायिकेची आईच," परीक्षेच्या खोलीबाहेर पडता पडता चष्मेवाली पोरगी म्हणाली.

"पुस्तकात आई. पिक्चरमध्ये तिची सवत होते," मोजणीवाल्यांच्या मुलीनं तिला तोडलं आणि मागं वळून विचारलं, "बाबा, तुम्ही काय लिहिलंत?"

मोजणीवाले पेनाला टोपण लावत होते. "आई कुठली नि सवत कुठली? पुस्तकात ती दोन पुरुष खोल आहे. पिक्चरमध्ये गुडघाभर. चांगलं पान भरून लिहिलंय."

मुलीनं प्रश्नपत्रिका त्यांच्या नाकासमोर धरली. ‘कादंबरी व चित्रपट यांतील नदीच्या पात्राची तुलना करा.’

"बाबा, पात्र! पात्र म्हणजे गोष्टीतलं माणूस!"

"नदीचं पात्र म्हणजे नदीचं पात्र," मोजणीवाले म्हणाले खरे, पण प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला.

त्यांचा तरी काय दोष? अख्खी नोकरी पुलावर बसून नदीची पातळी मोजण्यात गेली. पुलावरून नुसते थुंकले तरी आवाजावरून खोली सांगत, असं लोक म्हणत. थुंकायचीही गरज नसे, नदीच आपणहून सांगायची, असं म्हणणारेही होते. अशा माणसाला पात्र म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

पण या पानावर बरंच काही टांगलेलं होतं. मोजणीवाल्यांचं लग्न जमवताना त्यांच्या थोरल्या भावानं ‘मुलगा पदवीधर’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. वास्तविक नोकरी लागली म्हणून मुलानं शेवटचं वर्ष अर्धवट सोडलं होतं. महिन्याच्या आत बायकोला कळलं. तेव्हापासून दूध उतू जावो नाहीतर नळ गळो, भांडणाची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबे : "पदवीधर म्हणून पदरात पडला!"

निवृत्त झाल्या झाल्या मोजणीवाल्यांनी राहिलेलं वर्ष गाठलं. मुलगी त्याच वर्गात. तिनं साहित्य आणि चित्रपट हा विषय घेतला होता, म्हणून यांनीही घेतला. पिक्चर बघून पास होता येतं, हा हिशेब.

"बैल गेला आणि झोपा केला," बायको म्हणाली होती. पण रोज निघताना डबा मात्र दोघांना सारखाच भरून द्यायची.

निकाल लागेपर्यंत बाप-लेकीनं घरी अळीमिळी गुपचिळी धरली.

"तोंड का एवढंसं झालंय?" एकदा जेवताना बायकोनं विचारलं. "तुमची नदी आटली की काय?"

मुलीनं पाणी पुढं केलं.

निकालाच्या सकाळी फलकापाशी ही गर्दी. मुलगी आत घुसली. मोजणीवाले लांब, जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. तेवढ्यात विषय शिकवणाऱ्या बाई जिना उतरल्या.

"तुमचं उत्तर वाचलं हं, काका."

"चुकलं ना?"

"साफ चुकलं," बाई हसल्या. "नदीचं मन काय म्हणतं ते विचारलं होतं, तुम्ही तिचा तळ लिहून आलात. पण पिक्चरमध्ये नायिका रेतीत उतरते आणि खडकातून वर येते, हे लिहिलंत. दोन नद्यांवरचं चित्रण जोडून एकच नदी केलीय तिथं. जोड ओळखलात, त्याचे गुण दिले. बाकी शून्य. ती नदी बोलते, काका. तुम्हाला ऐकूच आली नाही?"

"माझ्याशी पातळीपुरतंच बोलायची," मोजणीवाले ओशाळून म्हणाले.

आणि गर्दीतून मुलगी ओरडली, "बाबा! पात्र!"

"आता कुठलं पात्र, पोरी?"

"तुम्ही! इथं छापलंय, ‘पदवीस पात्र’. मीसुद्धा!"

मोजणीवाले जिन्याच्या पायरीवरच बसले. छातीवरचा धोंडा असा उतरला, की बाजूनं जाणाऱ्या शिपायालाही त्यांनी कारण नसताना रामराम घातला.

घरी बायको भांडी घासत होती. मुलीनं दारातूनच सगळं रामायण सांगून टाकलं, रेतीसकट आणि खडकासकट. बायको हसता हसता ओट्याला टेकली. मग नळ बंद केला आणि खिडकीतून शेजारणीला हाक मारली, "अहो वहिनी, ऐकलंत का? आमच्या घरी आता दोन पदवीधर!"

दोन. मोजणीवाल्यांनी मनात पुन्हा मोजून पाहिलं.

"उभे काय राहिलात?" तिनं घासलेलं पातेलं त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या तुमचं पात्र. पुसा."

त्यांनी पंचा घेतला. पातेलं केव्हाच कोरडं झालं, तरी ते तळ पुसत राहिले.